कर नको, खैरात नको : राजुऱ्यापासून कोरचीपर्यंतचा हिशेब

२००४ च्या विधानसभा निवडणुकीत चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यातून अ‍ॅड. वामनराव चटप निवडून आले. पक्ष स्वतंत्र भारत. त्या विधानसभेत या पक्षाचे ते एकटेच. एकट्या आमदाराला बोलायला वेळ कमी मिळतो ही नेहमीची अडचण, पण इथे अडचण त्याहून मोठी होती. त्यांच्या पक्षाचे म्हणणेच सभागृहाच्या रोजच्या कामाला आडवे जाणारे होते. सरकारने कमी घ्यावे, कमी वाटावे, व्यापारात पडू नये आणि शेतकऱ्याच्या मालाच्या वाटेतून बाजूला व्हावे, असे ते म्हणणे. बाकीचे आमदार योजना मागायला येतात, मंत्री त्या जाहीर करायला.

हा विचार मुंबईच्या शेअरबाजारातून किंवा पुण्याच्या एखाद्या व्याख्यानमालेतून आला असता तर कोणी फारसे लक्ष दिले नसते. तो आला कापूस पिकवणाऱ्या, कोळशाच्या धुळीत जगणाऱ्या जंगलपट्ट्यातून. प्राप्तिकर भरणारा माणूस जिथे शोधावा लागतो, तिथे करविरोधी राजकारण रुजले कसे? शेतकऱ्याच्या उत्पन्नावर कर नाही, मग त्याचा विरोध कशाला होता?

उत्तर शरद जोशींच्या मांडणीत आहे. स्वित्झर्लंडमधली जागतिक टपाल संघटनेची नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करणाऱ्या या माणसाने हिशेब मांडला, तो असा. सरकार शेतकऱ्याकडून कराची पावती फाडून पैसे घेत नाही. भाव पाडून घेते. निर्यातबंदी, जिल्हाबंदी, लेव्ही, ऐन हंगामात परदेशातून आयात, या सगळ्यांतून शेतमालाचा भाव जितका खाली दाबला जातो तितका तो शेतकऱ्यावरचा करच. खतावर आणि विजेवर मिळणारी सूट त्यातून वजा केली तरी बेरीज शेतकऱ्याच्या विरोधातच जाते. जोशी याला उणे सबसिडी म्हणत. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही जोशींच्या शेतकरी संघटनेची घोषणा या हिशेबातून आली. अनुदान मागणाऱ्या शेतकरी चळवळी देशभर होत्या. अनुदान नाकारणारी ही एकच एवढी मोठी झाली.

राजुऱ्याच्या शेतकऱ्याला हे पुस्तकातून समजावून सांगावे लागले नाही. १९७२ मध्ये महाराष्ट्र सरकारने कापसाची एकाधिकार खरेदी योजना आणली. कापूस विकायचा तो सरकारलाच, सरकारी केंद्रावरच. योजनेमागचा हेतू वाईट नव्हता, व्यापाऱ्याच्या काट्यातून शेतकरी सुटावा असाच होता. झाले असे की बैलगाड्यांच्या रांगा लागल्या. ग्रेडर गाडीत हात खुपसून मूठभर कापूस काढायचा, बोटांनी धागा ओढून बघायचा आणि ग्रेड सांगायचा. त्या एका शब्दावर वर्षाची कमाई ठरायची. ग्रेड पटली नाही म्हणून गाडी माघारी न्यायची सोय नव्हती, कारण दुसरा गिऱ्हाईक कायद्याने नव्हताच. चुकाऱ्याची वाट बघावी लागायची, आणि हातात येणाऱ्या रकमेतून आधीच कपात झालेली असायची. राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. सोयरीक, बाजार, बोली सगळे सीमेपलीकडे पसरलेले. तिकडे भाव चढा असला तरी कापूस नेणे गुन्हा, म्हणून तो रात्री जायचा. आपलाच माल आपल्याच सोयऱ्यांच्या गावी चोरासारखा न्यावा लागला की सरकारच्या आकाराविषयी माणसाचे मत बनायला वेळ लागत नाही.

चटप १९९० आणि १९९५ मध्ये जनता दलाच्या चिन्हावर निवडून आले होते. शेजारच्या वरोरा मतदारसंघातून संघटनेचेच अ‍ॅड. मोरेश्वर टेमुर्डे विधानसभेत गेले आणि पुढे उपाध्यक्षही झाले. १९९४ मध्ये जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. राजाजींच्या १९५९ च्या स्वतंत्र पक्षाशी नाते नावातूनच सांगितलेले होते. या पक्षापुढे सुरुवातीलाच एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ अ नुसार पक्षाची नोंदणी करताना समाजवादाशी निष्ठा लिहून द्यावी लागते. समाजवाद नको म्हणून निघालेल्या पक्षाने ती कशी द्यावी? प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि जोशी राज्यसभेत असताना त्यांनी हा मुद्दा तिथेही लावून धरला. बाकीचे पक्ष डोळे मिटून लिहून देतात. खोटे लिहून द्यायचे नाही म्हणून भांडणारा पक्ष आपल्याकडे विरळाच, त्याची धोरणे पटोत वा न पटोत.

योजनांना विरोध करण्याची या भागातली परंपरा मात्र शेतकरी संघटनेहून जुनी आहे, आणि तिचा बाजारपेठेशी काही संबंध नव्हता. १९६२ मध्ये चांदा म्हणजे आजच्या चंद्रपूर लोकसभा मतदारसंघातून लाल श्यामशाह अपक्ष निवडून आले. पूर्व बंगालच्या निर्वासितांना दंडकारण्यात वसवण्याचा केंद्राचा कार्यक्रम आदिवासींच्या जमिनीवर येतो आहे, ही त्यांची तक्रार. दिल्लीत कोणी ऐकेना, तेव्हा त्यांनी १९६४ मध्ये खासदारकी सोडली. पुढे १९७७ मध्ये चंद्रपूरचे खासदार झालेले अहेरीचे राजे विश्वेश्वरराव स्वतंत्र विदर्भासाठी लढले. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम् धरणांच्या विरोधात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले, त्यात बाबा आमटे आणि लाल श्यामशाह एकत्र होते. सरकारचे मोठे काम म्हणजे आपले विस्थापन, हे समीकरण इथे पक्के बसले ते त्या काळात. २०१९ मध्ये सिरोंच्याच्या समोर मेडीगड्डा बंधारा उभा राहिला तेव्हा ते पुन्हा खरे ठरले. पाणी तेलंगणाला, बुडीत सिरोंचा तालुक्यातल्या शेतांना. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या बंधाऱ्याचे खांबच खचले.

मोठ्या सरकारवर अविश्वास दाखवणाऱ्याला दारूगोळा हवा असेल तर गोसीखुर्द धरण पुरेसे आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले. मूळ अंदाज ३७२ कोटींचा. तो फुगत १८ हजार कोटींवर गेला. ब्रह्मपुरी, सावली, मूल भागातला धानउत्पादक कालव्याच्या पाण्याची वाट बघत म्हातारा झाला. ठेकेदारांच्या चौकशा, कालव्यांच्या अस्तरीकरणाचे घोटाळे, गुन्हे यांच्या बातम्या वाचून त्याची मुले मोठी झाली.

त्याच भागात उलटे उदाहरणही आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात सहा-सात हजार मालगुजारी तलाव आहेत, लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. गोंड राजांच्या काळापासून गावांनी आणि मालगुजारांनी ते बांधले, गाळ काढला, पाळी राखली, पाण्याच्या वाटपाचे नियम ठरवले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जायलाच हवी होती. पण तिच्याबरोबर तलावाचा धनीही गेला आणि नवा धनी तालुक्याच्या कार्यालयात बसला. निस्तार हक्काने पिढ्यान्‌पिढ्या मोफत घेतलेल्या पाण्यावर पाणीपट्टी आली, तलावात मात्र गाळ साचत गेला. कर वाढला आणि सेवा घटली, ही तक्रार मांडायला इथे कोणाला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

आता सरकार चंद्रपूर-गडचिरोलीतून काय नेते ते पाहू. करविरोधाची दुसरी बाजू तिथे आहे आणि चटप यांच्या राजकारणाचा पुढचा टप्पाही. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) कोळसा खाणी, २९२० मेगावॅटचे महाऔष्णिक वीज केंद्र, कोरपना-गडचांदूर-घुग्घुसचे सिमेंट कारखाने, बल्लारपूरचा कागद कारखाना, आता सूरजागडचे लोखंड. कोळशावर मूल्याच्या १४ टक्के स्वामित्वधन राज्याला मिळते, दर मात्र केंद्र ठरवते. सिमेंटच्या चुनखडीवर टनाला ८० रुपये. शिवाय कोळशावर टनामागे ४०० रुपये उपकर होता; २२ सप्टेंबर २०२५ ला तो गेला आणि त्याच दिवशी कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. सिमेंटवरचा जीएसटी त्याच दिवशी २८ वरून १८ वर आला. वीज केंद्रालगत दुर्गापूर-ऊर्जानगरच्या राखेत राहणारा माणूस घरगुती विजेच्या बिलावर १६ टक्के वीज शुल्क भरतो, मुंबईच्या माणसाइतकेच. धूर इथे, प्रकाश तिकडे, आणि शुल्क सगळ्यांना सारखे!

या रागावर विदर्भ राज्य आंदोलन समितीने बोट ठेवले, आणि चटप तिचे प्रमुख नेते. गंमत अशी की समितीच्या मागण्यांत करोनाकाळातली वीजबिले सरकारने भरावीत, २०० युनिटपर्यंत वीज मोफत आणि त्यापुढचे दर निम्मे, अशा मागण्या आहेत. ‘भीक नको’ म्हणणाऱ्या परंपरेतला नेता मोफत युनिट मागतो, यावर विरोधकांनी हसावे हे साहजिक आहे. समितीच्या बाजूने म्हणता येते ते असे, की कोळसा आमचा, पाणी आमचे, दमा आमचा, म्हणून ही सूट भरपाई आहे. युक्तिवाद वजनदार आहे. पण प्रत्येक योजनेचा लाभार्थी नेमके हेच म्हणतो. मराठवाड्यातला म्हणेल पाणी आमच्या वाट्याचे नेले, कोकणातला म्हणेल किनारा आमचा. भरपाई म्हणून मागितलेल्या सवलतीला शेवट नसतो, आणि कमी सरकारवाल्यांनीच ते दार उघडले की मग बाकीच्यांना अडवायचे कोणत्या तोंडाने? कर्जमुक्तीच्या मागणीतही हीच गाठ आहे. कर्ज सरकारी धोरणामुळे झाले, म्हणून ते देणे लागत नाही, ही संघटनेची भूमिका तर्काला धरून होती. गावात मात्र ती दर निवडणुकीआधीची माफी म्हणूनच पोचली.

२५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक असा निकाल दिला, की स्वामित्वधन हा कर नाही आणि खनिज हक्कांवर व खनिजजमिनींवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना आहे. म्हणजे उद्या महाराष्ट्राने ठरवले तर चंद्रपूरचा कोळसा आणि गडचिरोलीचे लोखंड यांवर नवा कर बसू शकतो. करविरोधी आमदाराने यावर काय म्हणावे? कर वाढला तर वीज आणि सिमेंट महाग. न वाढला तर खाण जाईल आणि खड्डा उरेल. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जुन्या खाणपट्ट्यांच्या स्वामित्वधनाच्या ३० टक्के रक्कम जमा होते. तो पैसा खाणबाधित गावांसाठी आहे. तो कोणत्या गावात, कोणत्या कामावर आणि कोणाच्या शिफारशीने खर्च होतो, हे विचारणारे आमदार दोन्ही जिल्ह्यांना नव्या करापेक्षा जास्त हवे आहेत.

कराचा विरोध इथवर पटतो. योजनांचा सरसकट विरोध मात्र मला पटत नाही, आणि त्याचे कारण महाराष्ट्रातल्याच एका करात आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या आग्रहातून रोजगार हमी उभी राहिली. तिला पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर लागला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून महिन्याला २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००, ते या कराचे. मुंबईच्या कारकुनाने गडचिरोलीतल्या कोरचीच्या मजुराची हमी घ्यायची, असा तो सरळ व्यवहार होता आणि नंतर देशाने त्यावरून कायदा केला. मस्टर खोटे निघाले, मजुरी थकली, हे सगळे खरे. तरी पावसाळ्याआधी धान संपलेल्या घरात मजुरीच पोचते, बाजारभावाचे स्वातंत्र्य पोचत नाही. जोशींचा हिशेब विकायला माल असलेल्या शेतकऱ्याचा आहे. एटापल्ली-भामरागडमध्ये पोटापुरता धान पिकवणाऱ्या, वर्षाचे काही महिने रेशनच्या तांदळावर काढणाऱ्या कुटुंबाला निर्यातबंदी उठल्याचा फायदा काय? त्याच्या उणे सबसिडीची बेरीज कोणी केलेली नाही, कारण त्याने विकलेच काही नाही.

त्यात हे दोन्ही जिल्हे सीमेवरचे. छत्तीसगडने २०२३ नंतर धानाला क्विंटलमागे ३१०० रुपये, एकरी २१ क्विंटलपर्यंत, असा भाव दिला. कोरची-धानोऱ्याचा शेतकरी तो आकडा पाठ म्हणतो. महाराष्ट्राने आपल्या धानउत्पादकाला हेक्टरी २० हजारांचा बोनस दिला, दोन हेक्टरच्या मर्यादेत. तेलंगणाने २०१८ पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज आणि एकरी रोख मदत सुरू केली. महाराष्ट्रानेही २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल माफ केले. या स्पर्धेचे टोक बघायचे तर जिवती तालुक्यातल्या सीमेवरच्या १४ गावांत जावे. सर्वोच्च न्यायालयात १९९७ मध्ये ती महाराष्ट्राची ठरली, तरी तेलंगणाने हात सोडला नाही. माणसाकडे दोन रेशनकार्डे, दोन मतदार ओळखपत्रे, गावात दोन शाळा, दोन्हीकडच्या योजना. एवढी दोन सरकारे असून जमिनीचा पट्टा मात्र अनेकांच्या हाती नाही. वस्तू वाटायला सरकारे चढाओढ करतात, हक्क द्यायची वेळ आली की दोघांनाही फाईल सापडत नाही. योजनांच्या विरोधातला याहून चांगला पुरावा मला माहीत नाही, आणि तो चटपांच्या पूर्वीच्या मतदारसंघातच आहे.

दारूबंदीचा विषय इथे ओझरता घ्यावा लागेल, कारण त्यात कर आणि सरकार उलट्या दिशांनी जातात. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात महिलांच्या मोर्च्यांनंतर १ एप्रिल २०१५ पासून ती आली. तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार चंद्रपूरचेच, म्हणजे तिजोरी सांभाळणाऱ्यानेच आपल्या जिल्ह्यातल्या उत्पन्नावर पाणी सोडले. २०२१ मध्ये पुढच्या सरकारने बंदी उठवली तेव्हा बुडालेला महसूल हे एक कारण दिले गेले. कर नको पण पोलीस जास्त हवा, असा हा प्रकार असल्यामुळे स्वातंत्र्यवादी विचाराला तो कधी पचला नाही. गावातल्या बायांना मात्र तो नीट कळत होता.

करविरोध आणि योजनाविरोध या दोन्हींतून वाट काढणारा तिसरा प्रयोग विधानसभेच्या बाहेर झाला, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावात. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, असे म्हणणाऱ्या या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. मजुरीतला ठरावीक वाटा गावकरी ग्रामकोषात टाकतात. हा करच आहे. फरक एवढा, की तो ठरवताना देणारा समोर बसलेला असतो आणि खर्चाचा जाब त्याच चावडीवर विचारता येतो. कर देण्याला लोकांचा विरोध असतो हे अर्धसत्य आहे. न विचारता घेतलेल्या आणि न दिसणाऱ्या खर्चाला विरोध असतो.

कोरचीसारख्या तालुक्यात ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. मे महिन्यात पहाटे जंगलात जायचे, पाने खुडायची, दुपारी घरच्या पडवीत सगळ्यांनी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. हजार पुड्यांची एक गोणी. त्या पानावर २०१७ मध्ये १८ टक्के जीएसटी बसला. तो वरवर ठेकेदाराने भरायचा. पण ठेकेदार बोली लावतानाच तो वजा करतो, त्यामुळे अंगावर येतो तो पुडे बांधणाऱ्या बाईच्या. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला. आठ वर्षे हा कर गडचिरोलीच्या सर्वांत गरीब माणसावर होता, आणि त्यावर विधानसभा दणाणून गेल्याचे कोणाला आठवत नाही. खरा करविरोधी आमदार इथे हवा होता.

आजचे चित्र सांगायला फार शब्द लागत नाहीत. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना आली, महिन्याला १५०० रुपये. निवडणुकीत सत्ताधाऱ्यांनी २१०० चे आणि विरोधकांनी ३००० चे आश्वासन दिले. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या एका योजनेसाठी ३६ हजार कोटी ठेवले, महसुली तूट ४५ हजार कोटींच्या पुढे आणि राज्यावरचे कर्ज सव्वानऊ लाख कोटींच्या पुढे दाखवले. गरीब बाईच्या खात्यात थेट पैसे जाणे मला वाईट वाटत नाही. तेंदूच्या पुड्यावर १८ टक्के घेऊन तिलाच १५०० परत देणे वाईट वाटले. योजना कशातून चालवणार, कोणता खर्च थांबवणार, कोणता कर वाढवणार, हे विचारणे हे विरोधी बाकांचे काम. पण विरोधी बाकांचा आकडाच योजनेच्या दुप्पट होता, ते काय विचारणार!

चंद्रपूरचे सहा आणि गडचिरोलीचे तीन असे नऊ आमदार या जंगलपट्ट्यातून विधानसभेत जातात. मतदारसंघात रस्ता, समाजमंदिर, बोअरवेल मागायला आलेल्या माणसाला कोणीही तत्त्वज्ञान सांगत नाही, चटपांनाही ते जमले नसते. तरी कर कोणावर पडतो आणि पैसा कुठे मुरतो हा प्रश्न लावून धरणारा एक तरी माणूस त्या नऊंत असावा, असे मी या जिल्ह्यांचा मतदार असतो तर म्हटले असते. २०२४ मध्ये, लाडकी बहीणच्या हप्त्यांच्या ऐन हंगामात, वामनराव चटप राजुऱ्यातून पुन्हा उभे होते. ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले. मते मिळाली पंचावन्न हजारांच्या घरात. ती सगळी कमी सरकारला मिळालेली मते नव्हेत, त्यांत विदर्भाची, जुन्या आंदोलनांची आणि माणसाच्या साधेपणाची मतेही आहेत. पण वाटण्याचे काहीही हाती नसलेल्या पक्षाला एवढी मते देणारा दुसरा मतदारसंघ महाराष्ट्रात शोधायला वेळ लागेल.